माथ्यावरचा श्री

श्री

६ जून १९३७, रविवार
विणकामशाळा, स्वीडन

चि. रखमाजीस कस्तुराचे आशीर्वाद.

आज सुट्टी. सकाळी दोन लुगडी धुतली आणि मागल्या अंगणात दोरीवर घातली. दुपारपर्यंत वाळली. शाळेतल्या बाकीच्या अकरा जणी प्रार्थनेला गेल्या. रविवारी मागावर बसू देत नाहीत, म्हणून पत्र लिहीत आहे.

मुंबई सोडली त्याला तेहतीस दिवस झाले. बोटीवर सगळे विचारत, बरोबर कोण आहे. कोणी नाही असे सांगितले की पुढे विचारत नसत. आगगाडी तीन ठिकाणी बदलली. कुठे चुकले नाही.

एल्साबाई स्टेशनवर आल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी भाज्याची लेणी पाहायला आल्या आणि लेणी सोडून आपल्या अंगणात आईच्या पेंढ्या बघत बसल्या, म्हणून तू हसला होतास, त्याच. केस पांढरे झाले आहेत. त्यांनी मला खिडकीजवळचा माग दाखवला. तो त्यांनी एकोणतीस साली माझ्यासाठी धरून ठेवला होता. त्या वर्षी तुझ्या दाजींना विषमज्वर झाला आणि ते गेले. तेहतीस साली पुन्हा धरला. तेव्हा मी मुंबईपर्यंत पोचले होते आणि आबा गेल्याची तार आली. मी घरी येईपर्यंत सावडणे उरकले होते, आणि तिकडे बोटही गेली. आता तिसऱ्यांदा धरला. मागावरची धूळ पुसलेली होती.

इथे कापड जवसाचे करतात. दाणा नव्हे, काडी कुजवून, कुटून, तिचा धागा काढतात. आईला सांग. हेही सांग की या दिवसांत सूर्य रात्री दहानंतर मावळतो.

दाखला १६ ऑक्टोबरला मिळेल. मध्येच जाणाऱ्या बाईला देत नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितले. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत मागाचा वर्ग उघडायचा तर मुख्याध्यापिका लीलाबाईंना तो दाखला समितीपुढे ठेवावा लागेल. दाखला नाही तर वर्ग नाही.

मी लिहिताना एल्साबाई पाहत होत्या. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर हे एकच अक्षर का असते, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, हा श्री. त्याने पत्र सुरू करतात. फक्त मरणाच्या पत्रावर घालत नाहीत. मग पत्र उघडताच कळत असेल, असे त्या म्हणाल्या. मी हो म्हटले. माझा भाऊ बाजाराच्या यादीवरसुद्धा श्री घालतो, हेही सांगितले.

आईचा खोकला कसा आहे ते खरे लिही.

कस्तुरा


श्री

२९ जून १९३७
मु. भाजे, स्टेशन मळवली

ती. आक्कास रखमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मधलं एक वाक्य गाळलं तर तिनं पकडलं. म्हणाली, "आगगाडी तीनदा बदलली ते कुटं गेलं?"

जवसाचं ऐकून तिनं चुलीकडे बघितलं. मग नंदाला म्हणाली, "आमी काडी चुलीत घालतो, आन त्या बाया अंगावर घालत्यात. कोन शानं म्हनायचं?" नंदा म्हणाली, आत्याबाई, पुढल्या साली तुमचं लुगडं चुलीतूनच काढू. दोघी हसत बसल्या आणि माझी भाकर करपली.

आईचे सवाल लिहून घेतलेत. पहिला, सूर्य मावळत न्हाई तर कोंबडा कवा आरवतो? हा तिला लय महत्त्वाचा आहे, रोज विचारते. दुसरा, काडी कुजवायला वाहतं पानी लागतं का साचल्यालं? तिसरा सवाल नाही, मागणं आहे. येताना त्या कापडाचं हातभर फडकं आण म्हणाली, भाकरी बांधायला. साडीबिडी नको. "फडकं असलं की रोज हातात येतंय," म्हणाली.

इकडे पाऊस लागला. वाफ्यांत पाणी भरलं आहे. वरच्या वाडीचा नवसू आणि चिंगी लावणीला येतात. आई बांधावर इरलं घेऊन बसते आणि चिंगीला रोपं लांब लावते म्हणून बोलते. चिंगी म्हणते, म्हातारे, तू लाव मग. मग आई खरंच उतरते. मी हात धरून वर काढतो.

खोकल्याचं तू खरं लिही म्हणालीस. लोणावळ्याच्या डॉक्टरची बाटली आणली आहे. आईनं मला असं लिहायला सांगितलं, की खोकला गेला. म्हणून लिहितो, खोकला गेला.

तुझा
रखमाजी


श्री

२० जुलै १९३७, मंगळवार

चि. रखमाजीस आशीर्वाद.

आज दिवसभर मागावर होते. सकाळी धागा चार वेळा तुटला, दुपारी एकदा. जेवणात उकडलेले बटाटे, मासे आणि दही. मासे मी शेजारणीला दिले. पत्र दुपारच्या टपालाने मिळाले.

आईच्या सवालांची उत्तरे. कोंबड्याचे मी मुद्दाम पलीकडच्या शेतकऱ्याच्या बायकोला विचारले. तिलाही ठाऊक नव्हते. तिने नवऱ्याला विचारले. तो म्हणाला तीनला, पण जूनमध्ये त्याला काही कळत नाही, मनाला येईल तेव्हा आरवतो. काडी दोन्ही प्रकारे कुजवतात. इथे तळ्याच्या काठाला, साचलेल्या पाण्यात, वर दगड ठेवून. पंधरा दिवस. वास फार येतो. फडके सुरू केले आहे.

जवस फुलावर आहे. फूल आपल्यासारखेच निळे, पण झाड कमरेपर्यंत. पुढल्या महिनाअखेर उपटायचा. कापत नाहीत, मुळासकट उपटतात आणि हातात मावेल एवढ्या पेंढ्या बांधतात. बांधायला सुतळी वापरतात. मी म्हटले, आमच्याकडे पेंढीला पेंढ्याचाच बंद असतो, गाठ मारत नाहीत, नुसता पीळ देऊन खोचतात. एल्साबाईंना आठवत होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला करून दाखवायला सांगितले. मी वाळलेले गवत घेऊन केले आणि पेंढी उचलताच सुटली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आईचा कधी सुटत नाही. तिला विचार, पीळ कोणत्या बाजूला, किती, आणि टोक वरून खोचायचे की खालून. मी लहानपणापासून पाहिले आहे पण नीट पाहिलेले नाही, असे दिसते.

खोकला गेला असे तू लिहिलेस, म्हणजे तो आहे. तिला गाडीने लोणावळ्याला घेऊन जा. माझ्या खोलीची किल्ली लीलाबाईंकडे आहे. तिथे चार दिवस ठेव, म्हणजे डॉक्टर रोज पाहतील. ती नको म्हणेल. तरी ने.

कस्तुरा


१२ ऑगस्ट १९३७
मु. भाजे

ती. आक्कास रखमाजीचा नमस्कार.

तुझं २० जुलैचं पत्र काल मिळालं. पाऊस चालू आहे. लावणी झाली. इंद्रायणीला पाणी आहे, वलवणचं धरण भरलं असं ऐकतो. नंदा बरी आहे. जनावरं बरी आहेत.

आईनं पत्र ऐकलं. कोंबड्याचं ऐकून ती हसली. आई विचारते की तिकडे पाऊस कसा आहे. पेंढीच्या बंदाबद्दल ती म्हणाली, की तुला येईल तसं बांध. आणि फडकं तिला नको, ते तू तुझ्यासाठीच ठेव.

लोणावळ्याला जाणं झालं नाही. आता त्याची गरज नाही.

तू दाखला घेऊनच ये. मध्ये येण्याचं मनात आणू नको. आईचंही हेच सांगणं आहे.

रखमाजी


३ सप्टेंबर १९३७, शुक्रवार

चि. रखमाजीस आशीर्वाद.

तुझे पत्र आज सकाळी मिळाले. त्यानंतर मी तळ्यावर जाऊन आंघोळ केली. पाणी थंड होते. सप्टेंबरात इथल्या बायका तळ्यात उतरत नाहीत, म्हणून दोघी काठावर उभ्या राहून पाहत होत्या. दुपारी वर्गाला गेले नाही. बाकी काही विशेष नाही.

जवस उपटून झाला. पेंढ्या मला येतील तशा बांधल्या, सुतळीने. आता त्या तळ्यात घालतील. आईला सांग, इथला पाऊस बारीक असतो, आवाज करत नाही. फडके माझ्यासाठी ठेवीन.

मी दाखला घेऊन येईन.

तू वेळेवर जेवत जा. नंदालाही जेवायला सांग. शेतावर जाताना डोक्याला काहीतरी बांधत जा, पाऊस थेट लागू देऊ नको.

कस्तुरा


श्री

२५ सप्टेंबर १९३७
मु. भाजे

ती. आक्कास रखमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. ओटीवर बसून वाचलं. डोक्याला बांधत जा असं तू लिहिलंस तिथं थांबलो. तू कधी असं लिहीत नाहीस. हात डोक्यावर गेला. केस आता पेरभर आलेत. मग पान वर केलं आणि बघितलं. तुझ्या पत्रावर श्री नव्हता.

म्हणजे तुला कळलं. कशावरून ते मी विचारत नाही, मला ठाऊक आहे.

आई सात ऑगस्टला, शनिवारी सकाळी गेली. तीन दिवस ताप होता. गुरुवारी मी बैलगाडी जुंपली होती, मळवलीला जाऊन लोणावळ्याची गाडी धरायला. ती उतरून बसली. म्हणाली, "मला कुटं नेतोस? बस हितं, सांगते ते ऐक." मग म्हणाली, "तुजा बाप मेला तवा ती म्हमईवरनं माघारी आली. काय घावलं तिला? राख बी घावली न्हाई. आता तिला कळवायचं न्हाई. आन पत्र बी थांबवू नगं. थांबलं की ती वळखंल." मी म्हटलं, आई, तुला काही होत नाही. ती म्हणाली, "व्हय म्हन आदी." मी व्हय म्हटलं.

लाकडं सगळी भिजली होती. नवसूनं त्याच्या घरातली दिली, पावसाळ्यासाठी ठेवलेली. चिंगी तीन दिवस आमच्याकडेच होती. बांधावर बसायला कोणी नाही म्हणून तिनं उरलेली रोपं लांब लांब लावली नाहीत, जवळ लावली. मी पाहिलं.

तुझं वीस जुलैचं पत्र अकरा ऑगस्टला आलं. पाचवा दिवस होता. ते मी कोणाला वाचून दाखवलं नाही. सहाव्या दिवशी उत्तर लिहायला बसलो, कारण पत्र थांबवायचं नाही असं ठरलं होतं. सुतक फिटेपर्यंत थांबलो असतो तर तुझी ती टपालाची बोट चुकली असती. तुझं एल्साबाईंचं लिहिलेलं माझ्या ध्यानात होतं. आधी श्री घातला. मग ते पान फाडलं. दुसरं घेतलं, पुन्हा घातला, तेही फाडलं. घरात सुतक आणि माथ्यावर श्री, असं माझ्या हातून होईना. नंदा म्हणाली, खोटं लिहायला हात चालतो आणि श्री लिहायला चालत नाही होय? मी म्हटलं, होय. मग वाटलं, परदेशात आक्का कशाला वर बघते. तसंच टाकलं.

आईच्या तोंडचं जे लिहिलं ते खोटं. कोंबड्याचं उत्तर तिला कळलं नाही, याचं मला वाईट वाटतं. शेवटपर्यंत विचारत होती.

पेंढीचं मात्र आता खरं सांगतो. परवा माळ्यावर चढलो. गेल्या सालच्या पेंढ्या आहेत, आईनं बांधलेल्या. एक खाली आणली आणि हळूच सोडून बघितली. दोन पीळ, उजवीकडे. टोक खालून खोचलेलं, वरून नाही. सोडली ती मला पुन्हा बांधता आली नाही. जनावरांना घातली. बाकीच्या बावीस तशाच ठेवल्यात. तू येईपर्यंत त्यांना हात लावत नाही.

तुला राग आला असेल तर येऊन बोल.

तुझा
रखमाजी


श्री

१७ ऑक्टोबर १९३७, रविवार

चि. रखमाजीस आशीर्वाद.

काल दाखला मिळाला. आज खोली झाडली, चादरी धुऊन दिल्या, ट्रंक बांधली. बाकीच्या अकरा जणी सकाळी गेल्या. माझी गाडी उद्या सहाला आहे. एल्साबाई स्टेशनवर येणार म्हणत होत्या. त्यांना थंडी सोसत नाही, म्हणून मी नको म्हटले.

हे पत्र बहुधा माझ्याच बोटीने येईल. कदाचित मी आधी पोचेन. तरी लिहीत आहे, कारण समोर बसून मला हे बोलता येणार नाही. तुलाही येणार नाही.

मला राग आलेला नाही.

तुझे ऑगस्टचे पत्र उघडले आणि माथा कोरा दिसला. आधी वाटले, घाईत राहिला असेल. मग यादीची आठवण झाली. मीठ, गूळ, रॉकेल लिहितानाही तू श्री चुकवत नाहीस. पुढे वाचले. तू आईचे बोलणे नेहमी तिच्याच तोंडचे लिहितोस. या पत्रात आई पुस्तकातल्यासारखी बोलत होती. तिने पावसाचे कधी कोणाला विचारले नसते. पेंढी येईल तशी बांध, असे तर ती कधीच म्हणाली नसती. आणि फडके नको असे लिहिले होतेस.

मी आंघोळ केली. खोलीत येऊन ट्रंक भरली. एल्साबाईंना नुसते सांगायचे होते. त्यांनी लगेच जाण्याची सोय केली असती आणि माग पहिल्या दोन वेळांसारखा धरून ठेवला असता. शनिवारची गाडी होती. ट्रंकेवर बसून तुझे पत्र पुन्हा वाचले. शेवटी लिहिले होते, मध्ये येण्याचे मनात आणू नको. एवढी एक ओळ त्यात आईची होती. ती तू तुझ्या भाषेत लिहिली होतीस, पण आईची होती. शनिवारची गाडी जाऊ दिली आणि रविवारी संध्याकाळी ट्रंक रिकामी केली.

लग्न झालेल्या मुलीला आईबापांचे सुतक तीन दिवस. ते मी धरले. तुला पत्र पहिल्याच दिवशी लिहिले. श्री मुद्दाम गाळला का, ते मला सांगता येत नाही. पेन तिथे नेले होते. तुला कळावे असे वाटत होते आणि तुझे ठरवलेले मोडू नये असेही वाटत होते. इथे कोणाला सांगितले नाही. एल्साबाईंना काही दिसले असावे. त्या आठवड्यात त्या रोज माझ्या मागाशी येऊन एकदा धागा तपासून जात. धागा तुटत नव्हता.

परीक्षेला मी टेबलावर घालायचे कापड दिले. ते शाळेने ठेवून घेतले. फडके वेगळे आहे, ते माझ्याकडे आहे. हातभर लांब, तेवढेच रुंद. कडेला एक निळी रेघ आहे. धुतल्यावर मऊ झाले.

लीलाबाईंना दाखल्याचे कळवले आहे. डिसेंबरात वर्ग सुरू करू असे त्यांनी लिहिले. मी आल्यावर आधी भाज्याला येईन, चार दिवस राहीन. बावीस पेंढ्यांतली एक मला सोडून बघायची आहे. एकच. वरच्या वाडीला जाऊन नवसूलाही भेटायचे आहे.

कोंबड्याचे चिंगीला सांग. आई तिच्याकडे बोलली असेल, तर तिलाही उत्तर हवे असेल.

इथे जवाच्या पिठाची पातळ भाकरी करतात. स्वैपाकघरातल्या बाईने उद्याच्या गाडीसाठी दोन देऊन ठेवल्या आहेत. त्या आताच बांधून ठेवते, सकाळी अंधार असेल. फडके मेजावर पसरले आहे. सगळी टोके एकत्र घेऊन पाहिली. दोन पीळ उजवीकडे दिले आणि टोक वरून खोचले, ते सुटले. खालून खोचायचे होते. आता पुन्हा बांधते.

कस्तुरा